कंपनीचेच खळगे

"हे दोन खळगे कंपनीचेच का हो?" असं गाडीच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्यानं फोनवर विचारलं, तेव्हा इकडं दातांच्या लॅबमध्ये त्याच्या डाव्या हातात कुणाची तरी खालची कवळी होती आणि समोर पॉलिशचं यंत्र घरघरत होतं. त्यामुळे आधी त्याला नीट ऐकूच आलं नाही. त्यानं यंत्र बंद केलं, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबला आणि "कुठले खळगे?" म्हणून विचारलं. खरं म्हणजे तेवढ्यात त्याला कळलं होतं कुठले. "अहो, डॅशबोर्डच्या पॅडला," कुशनवाला सांगत होता. "ड्रायव्हरशेजारी माणूस बसतो ना, त्याच्या बरोबर पुढ्यात. दोन आहेत, मध्ये वीतभर जागा सोडून. आत बोटांच्या मापाच्या खाचा पण आहेत. बाकीचं पॅड उन्हानं तडकलंय, ते समजतं. पण हे तडकलेलं नाही, दबलेलं आहे, आणि दोन्हीकडं अगदी सारखं. म्हटलं, धरायला म्हणून कंपनीनंच दिले असतील. हे मॉडेल मी जन्मात पहिल्यांदा उघडतोय, म्हणून विचारून घेतलं." प्रश्न सरळ होता. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. अगदीच जिवावर आलं असतं, तर 'काय की बुवा, आठवत नाही' म्हणून सुटताही आलं असतं. पण तो म्हणाला, "हो, कंपनीचेच," आणि म्हणताना आवाज असा काही ठाम लागला, की ऐकणाऱ्याला वाटावं हा त्या कंपनीत कामालाच होता. कुशनवाला "बरं बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग होती, आणि एवढ्या तोंडांसमोर आपले कान तापलेत हे त्याला जाणवलं.

खोटं बोलणं त्याला नवीन होतं अशातला भाग नाही. बुधवारी देतो म्हणून सांगितलेली कवळी शुक्रवारी द्यायची आणि वर डॉक्टरांनाच 'तुमचा ठसा नीट आला नव्हता' म्हणून सुनवायचं, हे धंद्यात चालायचंच. पण ती खोटी तो विचार करून, जुळवून बोलायचा. हे मात्र जिभेवर तयारच बसलेलं होतं. पंचेचाळीस वर्षं तिथं बसून होतं आणि त्याला पत्ताही नव्हता. आणि गंमत अशी (गंमत कसली, पण बाबांच्या घरात सगळ्यालाच गंमत म्हणायची पद्धत होती), की झिजलेल्या वस्तूवरून माणूस ओळखणं हाच त्याचा धंदा होता. तीस वर्षं तो लोकांचे दात करत होता. तोंडाचा ठसा बघून तो सांगायचा, ही बाई शिवणकाम करते, टाचण्या दातांत धरते. हा माणूस झोपेत दात खातो. ह्याची उजवी बाजू दुखते पण हा कोणाला सांगत नाही, सगळं डावीकडून चावतो. डॉक्टर लोक चाट पडायचे. "तुम्ही भविष्य सांगायला बसा," म्हणायचे. तो म्हणायचा, भविष्य नाही हो, मला आपलं मागचं तेवढं दिसतं. आणि आता हाच शहाणा एका भल्या कारागिराला सांगत होता, की आपल्या आईच्या दहा बोटांच्या खुणा कारखान्यातूनच पाडून आल्या होत्या. त्या खुणा त्याला अंधारातसुद्धा सापडल्या असत्या. लहानपणी दर रविवारी गाडी पुसायचं काम त्याच्याकडे होतं, आणि फडक्यानं पॅड पुसताना हात त्या दोन जागांवर आला की आपोआप खाली जायचा. तिथं तो जरा घाईनं पुसायचा.

आई त्या जागी बसायची. गाडी बाबांची होती, सायीच्या रंगाची, चार दारांची. तिच्या पुढची जाळी बाबा जुन्या टूथब्रशनं घासायचे. आठवड्यातून एकदा घरातले सगळे गाडीत बसून कुठं तरी जाऊन यायचे, कधी बाबांच्या मित्रांकडे, कधी नुसतं धरणापर्यंत. बाबा चालवायचे, आई त्यांच्या शेजारी, मागं ताई आणि तो. बाबांनी घरात कधी आवाज चढवला नाही, हात उगारणं तर लांबच राहिलं. लोक म्हणायचे, माणूस कसा, अगदी लोण्यासारखा मऊ. बाबांचा राग पायात होता. मित्राच्या घरी आईनं चारचौघांत बाबांची एखादी चूक दुरुस्त केली, एखादी तारीख, एखाद्या माणसाचं आडनाव, असलं क्षुल्लक काही, तर बाबा तिथं हसायचे. "बरोबर, ही म्हणेल ते," म्हणायचे. सगळ्यांचा हसतमुखानं निरोप घ्यायचे, आईसाठी दार उघडून धरायचे, आणि वस्ती मागं पडली की एक अक्षर न बोलता पाय दाबायचे. धरणाच्या अंगानं उतरणारा रस्ता होता. एकीकडं डोंगर, दुसरीकडं दगडांची बुटकी भिंत आणि खाली पाणी. काटा साठावरून सत्तरवर जायचा, सत्तरवरून ऐंशीवर. आई आधी नुसती ताठ बसायची. मग पर्स मांडीवरून काढून पायाशी ठेवायची. मग दोन्ही हात पुढं करून पॅड धरायची. बोटं आत रुतायची, नखं पांढरी पडायची. "अहो, जरा हळू," एवढंच म्हणायची, तेही पहिल्या वळणाला. पुढं तिचा आवाज यायचाच नाही. आणि बाबा आरशातून मागं बघून डोळा मिचकावायचे, "ऐकलंत का पोरांनो? हँडब्रेक लागला!"

हँडब्रेक हे आईचं नावच पडलं. नव्या माणसाशी ओळख करून देताना बाबा म्हणायचे, "ही मुलगी, हा मुलगा, आणि ह्या आमच्या हँडब्रेक." मग त्या माणसाला गाडीपाशी नेऊन खळगे दाखवायचे. माणसं वाकून बघायची, बोट घालून बघायची, आणि हसून हसून बेजार व्हायची. आईसुद्धा हसायची. तिचं ते हसणं ठरलेलं होतं, लहानसं, आत वळलेलं, आणि त्याच्यामागून "अगंबाई, तुमचं आपलं काही तरीच." आणि तो? तो मागच्या सीटपुढं उभा राहायचा, पुढच्या दोन सीटच्या मधून डोकं काढायचा आणि ओरडायचा, "बाबा, अजून! नव्वद! नव्वद करा!" ताई तोंड पाडून खिडकीबाहेर बघत असायची. बाबा म्हणायचे, "ही आईवर गेलीय. हा पठ्ठ्या मात्र माझा." तो एक शब्द ऐकायला त्यानं काय वाटेल ते केलं असतं. कारण बाबांच्या चेष्टेला रोज कोणी तरी लागायचं. आई नसली तर ताई, ताई नसली तर तो. त्याचे सुपाएवढे कान, त्याचा बोबडा र, गणितात गेलेले मार्क. जेवायला बसलं की आज कोणाची पाळी आहे हे पहिल्या घासाला कळायचं आणि तो घास गिळताना घशात अडकायचा. गाडीत मात्र पाळी ठरलेली होती, आईची, म्हणून त्याला गाडी आवडायची. हे त्याला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. आईला भीती वाटते हे कळत होतं, बाबा मुद्दाम करतात हे कळत होतं, आणि आपण 'अजून' म्हटलं की बाबा खरोखरच अजून जोरात नेतात हेही कळत होतं. मोठेपणी, केव्हाही, भाजी चिरताना, लिफ्टमध्ये, कोणाच्या तरी दाढेला आकार देताना, ती 'नव्वद करा' ही आरोळी त्याला स्वतःच्याच लहानपणच्या किनऱ्या आवाजात ऐकू यायची, आणि तो मोठ्यानं खोकायचा. बायकोला वाटायचं, ह्याला प्लास्टरच्या धुळीचा त्रास आहे.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. त्यांच्या शोकसभेत बोलायची वेळ आली तेव्हा त्यानं हँडब्रेकचाच किस्सा सांगितला. दुसरं काही सुचलं नाही असं नाही. पण हा हुकमी होता. हॉल भरलेला होता. माणसं डोळे पुसता पुसता हसली, कोणी तरी "वा" म्हणालं, आणि मग सगळ्यांनी माना वळवून पहिल्या रांगेत बसलेल्या आईकडं बघितलं. सगळे बघताहेत म्हटल्यावर आई हसली. सभा संपल्यावर ताई निघताना त्याच्याजवळ आली. "छान बोललास," म्हणाली, आणि तो 'छान' तिनं असा काही उच्चारला की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात आई म्हणाली, "गाडी काढून टाक रे आता." तो म्हणाला, "बाबांची आठवण आहे, आई. नीट करून घेतो. तुला फिरवतो तिच्यातून." आईनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू दे मग. तुझी हौस." त्याला वाटलं, दुःखानं म्हणतेय. म्हणजे, तसं वाटून घेणं सोयीचं होतं. मग इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. मनातून त्याला सगळ्यात आधी ते पॅड बदलायचं होतं, आणि म्हणूनच त्यानं ते सगळ्यात शेवटी ठेवलं, घाई दिसू नये म्हणून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! नवं पॅड काळं, सपाट, गुळगुळीत येईल, कोणाच्या बोटाचा मागमूस नसलेलं. आई तिथं बसेल, हात मांडीवर ठेवील, आणि झालेलं सगळं न झाल्यासारखं होईल, असा त्याचा हिशेब होता. हिशेब इतका बालिश होता की तो त्यानं स्वतःशीसुद्धा कधी पुरा मांडला नव्हता.

आणि फोननंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, तोही एका डॉक्टरीणबाईंची बोलणी खाताना. त्यांच्या पेशंटची कवळी एका जागी पोकळ बसत होती आणि खाल्लेलं आत अडकत होतं. "अहो, ठसा ओला असताना तिथं माझं बोट लागलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेसुद्धा केलंत?" तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, ठशात जे येतं ते आम्ही करतो. तुम्ही खूण केली असतीत तर बुजवलं असतं. मला वाटलं, तोंडातच तसं आहे." आणि वाक्य संपता संपता त्याला ते स्वतःलाच ऐकू आलं. कंपनीचेच, असं त्यानं सांगितलं होतं. मग कारागीर ते बुजवील कशाला? चांगला कारागीर ते नव्यानं करील. खळगे घालवायला निघालेल्या माणसानं एका शब्दात ते कायमचे करून ठेवले होते, आणि जन्मभर साचे ओतूनही हे कळायला त्याला तीन दिवस लागले होते. बाई पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होत्या. त्यानं "नवीन करून देतो" म्हटलं, हात धुतले, आणि दुपारची कामं तशीच टाकून निघाला.

कुशनवाल्याचं दुकान म्हणजे एका लांबट शेडचा अर्धा भाग होता. उरलेल्या अर्ध्यात कोणी तरी जुने पंखे दुरुस्त करायचं. म्हातारा बुटका, चष्मा दोरीनं मागं बांधलेला, शर्टाच्या कॉलरला चार वाकड्या सुया टोचलेल्या. रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा वास एवढा होता की डोळ्यांत पाणी यावं, आणि ते आलं तेव्हा त्याला बरंच वाटलं, कारण निदान तेवढ्याला दाखवण्यासारखं कारण होतं. टेबलावर जुनं पॅड साल काढून पडलेलं होतं. आतला फोम पिवळा पडलेला, हात लावावा तिथं भुगा होणारा; फक्त त्या दोन जागी दबून दबून दगड झालेला. शेजारी नवा फोम होता, पांढराशुभ्र, पत्र्यावर चिकटवलेला, आणि त्यात दोन्ही खळगे, खाचांसकट, जवळजवळ कोरून झालेले. "या, या! बरं झालं आलात," म्हातारा म्हणाला. "साल काढायच्या आधीच मी प्लास्टर ओतून माप घेतलं होतं. आता बघा, जसंच्या तसं आलंय. दुसरा कोणी म्हणाला असता, सपाट करून टाका, काम निम्मं. पण कंपनीनं दिलेलं आपण कशाला बुजवायचं? मी नाही असलं करत." त्यानं डोळे मिटले, तळहात फोमवरून फिरवला, जिथं उंच लागलं तिथं पॉलिश पेपरचे दोन हात मारले आणि पुन्हा डोळे मिटले. एक परका म्हातारा, कोण कुठला, इतक्या हळुवारपणे त्याच्या आईची भीती कोरत बसला होता. तिच्या हातांकडं घरात कोणी कधी एवढं लक्ष दिलं नव्हतं. "बसा बघू ह्या स्टुलावर," म्हातारा म्हणाला, "आणि धरून बघा." त्यानं हात ठेवले. बोटं खाचांत मावेनात. म्हातारा खूश झाला. "तुमचे हात मोठे. हे बायकामाणसाच्या मापाचे आहेत. शेजारी बाई बसणार, वळणावर तिला आधार नको? म्हणून. किती विचार करायची हो तेव्हाची माणसं!"

"हो ना," तो म्हणाला.

"आता कोण करतंय?"

"कोण करतंय," तो म्हणाला. मग अगदी ओठांवर आलं. "एक सांगायचं होतं."

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून बघितलं. "बोला की."

काय सांगायचं होतं ह्या माणसाला? की हे कंपनीचे नव्हेत, माझ्या आईनं पाडलेत, माझ्या बापाच्या कृपेनं, आणि मी मागं उभा राहून 'नव्वद करा' म्हणत होतो? म्हातारा काही बोलला नसता. मुकाट्यानं सपाट करून दिलं असतं. पण त्यानं एकदा मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघितलं असतं, आणि तेवढंही सोसायची त्याची तयारी नव्हती. पलीकडं कोणी तरी दुरुस्त झालेला पंखा चालू करून बघितला, आणि वाऱ्यानं फोमचा पांढरा भुगा त्याच्या पँटवर येऊन बसला. तो झटकत राहिला. "शिलाईचा दोरा," तो म्हणाला, "जरा गडद घ्या." "गडदच घेतलाय," म्हातारा म्हणाला, आणि डोळे मिटून पुन्हा कामाला लागला.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी बायकोनं दार उघडून आत डोकं घातलं. "हे काय? हात ठेवायला जागा?" "कंपनीचेच आहेत ते," तो म्हणाला. दुकानातलं 'हो ना' धरून हे तिसऱ्यांदा. खोटं एकदा बोललं की पाठ होतं. बायको आत बसली, तिनं हात ठेवून बघितले, आणि तिचे हात बरोबर बसले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बाबांनी तिलाही ते जुने खळगे दाखवले होते. ती हसली नव्हती, आणि 'सूनबाईंना विनोद पोस्टानं पाठवावा लागतो' हे त्यावरचं बाबांचं वाक्य पुढं वर्षभर घरात चाललं होतं. "कंपनीचे म्हणे," ती आता म्हणाली. "उद्या आईंना ह्याच गाडीतून नेणार आहेस डॉक्टरांकडं?" "हो." "त्यांना विचारलंस?" "त्यात काय विचारायचंय?" ती उतरली आणि तिनं दार आवाज न करता लावलं. "तू चाळीसच्या वर कधी जात नाहीस," ती म्हणाली. "मागून लोक हॉर्न वाजवून वाजवून थकतात, तरी जात नाहीस. इतकी वर्षं मी बघतेय. मला वाटायचं, आईंशी कधी तरी बोलला असशील." एवढं म्हणून ती घरात गेली. मग त्यानं एक टॉवेल आणून पॅडवर पसरून बघितला. टॉवेलही त्या दोन जागी खाली बसला. त्यानं तो घडी करून परत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईच्या घरापाशी गेला तेव्हा ती खाली उतरून उभीच होती, काळा चष्मा लावून, डॉक्टरांची फाईल काखेत मारून. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तिला आठ दिवस झाले होते. त्यानं उतरून पुढचं दार उघडून धरलं, आणि बाबा असंच धरायचे हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत ती आत बसूनही गेली होती. तो वळसा घालून आपल्या जागेवर आला. आईनं चष्मा काढला होता. "नव्या डोळ्यानं सगळं कसं लख्ख दिसतंय," ती म्हणाली, "धूळसुद्धा." मग ती पॅडकडं बघत राहिली. एक बोट, नुसतं एकच, तिनं डावीकडच्या खळग्यात घातलं आणि कडेकडेनं फिरवलं. "सगळं नवं केलंस?" "हो." "आणि हे ठेवलंस?" 'कंपनीचेच' हा शब्द इथंही त्याच्या जिभेवर येऊन बसला होता, हिच्यासमोरसुद्धा. तेवढ्यात आई हसली. तेच हसणं, लहानसं, आत वळलेलं. "अगंबाई, तुमचं आपलं काही तरीच," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना आवडली असती हो चेष्टा. अगदी हुबेहूब जमलंय." तिला वाटलं होतं, त्यानं मुद्दाम केलंय. बाबांचा विनोद पुढं चालू राहावा म्हणून. आणि ह्या वयात, डोळ्याचे टाके ओले असताना, ती त्याचं मन राखायला हसत होती.

"चेष्टा नाही गं केली," तो म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता आलं नाही. फोन, कुशनवाला, कंपनीचेच म्हटलेलं, सगळं त्यानं उलटंसुलटं सांगून टाकलं. "मला लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तुझे हात आहेत म्हटलं असतं, तर त्यानं का म्हणून विचारलं असतं. मला माहीत होतं आई, तू का धरायचीस. आत्ता नव्हे, तेव्हाच माहीत होतं. बाबा मुद्दाम करायचे. तुझ्यावर राग असला की करायचे. आणि मी मागून अजून, अजून म्हणायचो. तू घाबरलेली दिसायचीस, तरी म्हणायचो. तुझ्यावर चाललेलं असलं की माझ्यावर यायचं नाही, म्हणून. मला सगळं कळत होतं." त्याचा आवाज चिरकला. त्यानं नाक पुसलं. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं, छातीत मोकळं मोकळं झालं. आता आई 'जाऊ दे रे' म्हणेल, फार तर रागावेल, रडेल, आणि हे एकदाचं संपेल, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं तिच्याकडं बघितलं.

"तुला कळत होतं?" आई म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"हो."

आई समोर बघत बसली. "ताईला कळायचं," ती सावकाश म्हणाली. "तिचं तोंड उतरायचं, घरी आलं की जेवायची नाही. माझा जीव तुटायचा. पण तू हसायचास. मी म्हणायची, चला, हे एक पोर तरी यातून वाचलं. त्याला वाटतंय, खेळच चाललाय. मी मान वळवून मागं बघायची ना, ते तू हसतोयस का ते बघायला बघायची. हसत असलास की बरं वाटायचं मला. तेवढ्यावर निघायचं सगळं." ती थांबली. "त्या सभेत तू तो किस्सा सांगितलास ना, तेव्हासुद्धा मी मनात म्हटलं, बघा, ह्याला अजून कळलेलं नाही. किती बरं झालं."

मघाचं मोकळं वाटणं कुठल्या कुठं गेलं होतं, आणि ते वाटलं होतं याचीच आता त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. स्वतःचा जीव हलका करायला म्हणून त्यानं तिच्याजवळचं होतं नव्हतं ते काढून घेतलं होतं, आणि ते परत ठेवायला जागा नव्हती. रस्त्यावरून एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती. कुत्रं गाडीच्या चाकाशी थांबलं, बाईनं त्याला ओढलं.

"किती वर्षांचा होतास रे तेव्हा?" आईनं विचारलं.

"पाचवी-सहावीत होतो. दहा... अकरा."

"अकरा," आई म्हणाली. "मग तसा लहान नव्हतास."

तिनं फाईल उचलली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दार उघडलं. पाय जमिनीला टेकवायला तिला वेळ लागला. तो हात द्यायला सरकला, तर ती "असू दे" म्हणाली. दार लागलं. मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला, सीट थोडी कुरकुरली, आणि तेही दार लागलं.

"मी मागं बसते," ती म्हणाली. "तू चालव."